‘कचरा’ नावाचा डेटाबेस शुक्रवारी पुसू नये म्हणून

दिनांक : १८ जुलै २०१७, मंगळवार

प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,
नदीकाठ पूर-सूचना केंद्र,
भंडारा.

अर्जदार : कचरू सुखराम गभणे, वय ५७ वर्षे, कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर, रा. कारधा, जि. भंडारा.

विषय : प्रोग्रामच्या सातव्या आवृत्तीसोबत दि. २१ जुलै रोजी सायंकाळी पाच वाजता पुसला जाणारा ‘कचरा’ नावाचा डेटाबेस वाचविण्याबाबत, कारण चालू यादी तीच आहे.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ‘डेटाबेसची नावे व आवृत्त्या यांत शिस्त आणण्याबाबत’, दि. ३ जुलै २०१७.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. ते आवक नोंदीच्या मागील आवृत्तीत असल्याने सध्या कोणालाही दिसत नाहीत.

महोदय,

१. अर्जदार या केंद्रात सोळा वर्षांपासून यादी सांभाळतो. आपण नुकतेच रुजू झालात, म्हणून कामाचे स्वरूप थोडक्यात लिहितो. धरणाचे दरवाजे उघडणार असे वरून कळले की नदीकाठच्या गावांना मोबाइलवर मेसेज जातो. कोणत्या गावात, कोणाच्या नावाने, कोणत्या क्रमांकावर, ही यादी ज्यात राहते तो डेटाबेस. मेसेज पाठविणारा प्रोग्राम वेगळा. तो कंपनीचे लोक दर दोन-तीन वर्षांनी बदलून देतात आणि त्या बदलाला आवृत्ती म्हणतात. आवृत्ती नवी आली की तिला एकदा सांगावे लागते, बाई, यादी अमुक नावाच्या डेटाबेसमध्ये आहे, तिथून घे. ते नाव चुकले तरी प्रोग्राम थांबत नाही. तो चुकीच्या यादीवर मेसेज पाठवितो आणि काम झाले असेच पडद्यावर लिहितो.

२. आपल्या परिपत्रकात म्हटले आहे की डेटाबेसचे नाव सभ्य, अर्थपूर्ण व वर्षदर्शक असावे आणि ‘जुना’, ‘तात्पुरता’, ‘टेस्ट’, ‘कचरा’ अशा नावांचे साठे अनावश्यक समजून सातव्या आवृत्तीच्या वेळी आपोआप हटविले जावेत. परिपत्रकात वाईट काही नाही. शिस्त हवीच. फक्त त्या चार नावांपैकी चौथ्या नावाखाली आज जिल्ह्यातील नदीकाठचे सहा हजार दोनशे बारा चालू क्रमांक आहेत, आणि ‘भंडारा_अंतिम’ या ज्या देखण्या नावाला नवी आवृत्ती जोडली आहे, त्याखाली सन २००९ मध्ये थांबलेली यादी आहे. त्या यादीतील कित्येक माणसे मरून गेली. कित्येकांचे सिम गेले.

३. चालू यादीला ‘कचरा’ हे नाव कोणत्या दिवट्याने दिले, असा प्रश्न आपण सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर विचारलात. अर्जदार तेव्हा मागच्या खुर्चीवर होता. ते नाव अर्जदाराने दिले आहे. का दिले, ते पुढे लिहितो. वाचताना आपणांस हसू येईल. त्यास हरकत नाही, मात्र शेवटपर्यंत वाचावे.

४. अर्जदाराच्या आधी त्याच्या आईवडिलांना दोन मुले झाली होती, एक मुलगा, एक मुलगी. दोघांची नावे मोठ्या हौसेने ठेवली आणि दोन्ही मुले वर्षाच्या आत गेली. तिसऱ्या खेपेला अर्जदार झाला, तेव्हा आई चंद्रभागाबाई हिने त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवले. शेजारणीने तिथून उचलले, सूपभर कोंडा घेऊन आईला परत दिले आणि नाव ठेवले कचरू. आमच्याकडे असे करतात. टाकून दिलेल्या जिवाकडे कोणाची नजर जात नाही, असा त्यामागे समज. शाळेत मास्तरांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी या नावाची यथेच्छ थट्टा केली. अर्जदार रडत घरी आला की आई एवढेच म्हणायची, “तुले उकिरड्यावरून इकत घेतला, म्हून तू जितला. नाव बदलाचं नाही.” अर्जदाराने ते बदलले नाही व तो आज सत्तावन्न वर्षांचा आहे.

५. आता डेटाबेसची कथा. पहिल्याचे नाव नुसते ‘भंडारा’ होते. त्यात जिल्हा विभागणीच्या आधीची दोन्हीकडची गावे एकत्र होती. सन २००६ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तेव्हा पलीकडच्या जिल्ह्यातील गावे वगळावीत असे ठरले. प्रोग्रामने गावाच्या नावावरून गावे वगळली. एकाच नावाची गावे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तिकडच्यांसोबत इकडचीही गेली. तो पावसाळा अर्जदाराने लँडलाइनवरून एकेका गावाला फोन लावत काढला.

मग पुढच्याच वर्षी, तिसऱ्या आवृत्तीसोबत, दुसरा डेटाबेस केला. तत्कालीन साहेबांनी नारळ फोडून त्याचे नाव ‘भंडारा_अंतिम’ ठेवले, पेढेही वाटले. दोन वर्षांनी चौथी आवृत्ती आली आणि तो अर्ध्यात अडकून बसला. वाचता येतो, पण त्यात नवे काही लिहिले जात नाही. पुसायलाही कोणी धजले नाही, कारण नावातच अंतिम.

अर्जदाराने सन २०११ मध्ये तिसऱ्यांदा शून्यातून यादी उभी केली. सायकलने, एसटीने, काही ठिकाणी डोंग्यात बसून गावे फिरला. परत येऊन यादीला नाव देण्याची वेळ आली. दोन गेलेच होते. तेव्हा त्याने आईने जे केले होते तेच केले. यादीचे पहिले पान छापले आणि केंद्रामागे जिथे झाडलोट टाकतात तिथे नेऊन ठेवले. सफाई कामगार मनकर्णाबाई यांनी ते तिथून उचलले आणि एका विड्याच्या बदल्यात अर्जदारास परत दिले. त्याच दुपारी त्याने डेटाबेसचे नाव ‘कचरा’ असे टाइप केले.

हे शासकीय कामकाजात बसत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु त्यानंतर पाचवी आवृत्ती आली, सहावी आली. दोन्ही वेळा चांगल्या नावांचे साठे कंपनीच्या लोकांनी हलविले, जोडले, तोडले. ‘कचरा’कडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. प्रोग्रामला त्याचे नाव सांगण्याचे काम अर्जदार स्वतः करीत असे. सहा पावसाळे ही यादी बिनबोभाट चालली.

६. अर्जदाराने येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. सन २०१४ मध्ये आपल्या आधीच्या साहेबांनी हे नाव बदलून ‘भंडारा_२०१४’ करू असे सुचविले होते. एका ओळीचे काम होते. अर्जदारानेच त्यांना हात जोडले व “राहू द्या साहेब, या नावानं जगला आहे,” असे सांगून ते होऊ दिले नाही. साहेब भले होते, त्यांनी ऐकले. तेव्हा नाव बदलले असते तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. ही चूक अर्जदाराची आहे, दुसऱ्या कोणाची नाही. गेले दहा दिवस ती त्याला जेवू देत नाही.

७. चूक कळल्यावर अर्जदार स्वस्थ बसला असे नाही. सातव्या आवृत्तीसाठी कंपनीतर्फे आलेले इंजिनिअर श्री. अश्विन यांना त्याने दोन्ही याद्या शेजारी ठेवून दाखविल्या. मुलगा समजूतदार आहे. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “काका, तुमचं बरोबर आहे. पण नाव बदलायचा अधिकार मला नाही, तुम्हाला तर नाहीच. हटवायची यादी वरून मंजूर होऊन आली आहे. साहेबांची सही आणा, मी एका मिनिटात बदलतो.” नव्या आवृत्तीत अर्जदाराला ‘कचरा’ फक्त वाचता येतो. संगणकाला बाहेरचे काही जोडता येत नाही, छपाई बंद आहे. म्हणून अर्जदाराने पहिला अर्ज केला, मग दुसरा, मग तिसरा. आवक टेबलावर सांगण्यात आले की आवक नोंदीचा डेटाबेसही नव्या आवृत्तीचा झाला असून मागील नोंदी त्यात आलेल्या नाहीत. तीनही अर्जांची पोच अर्जदाराजवळ आहे. अर्ज मात्र कोठेच नाहीत.

८. यातून प्रत्यक्ष कोणाचे काय जाते, ते एका ठिकाणाच्या उदाहरणाने सांगतो. रेवाटोली ही चौसष्ट घरांची वस्ती नदी आणि नाला यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. दरवाजे उघडले की आधी नदीचे पाणी दिसत नाही. आधी नाला मागून भरतो आणि रस्ता बुडतो. मग नदी चढते. दोन तास आधी कळले तर माणसे जनावरांसह चालत निघतात. नंतर कळले तर निघायला वाट राहत नाही. टोलीत मोबाइलची रेंज फक्त शकुनबाईंच्या ओट्यावर येते, कारण ते घर उंचावर आहे. म्हणून साऱ्या टोलीचा एकच क्रमांक, शकुनबाईंचा. मेसेज आला की त्या पितळी ताट घेऊन बडवीत टोलीभर आणि शेतातल्या बांध्यांपर्यंत फिरतात. सध्या धानाची रोवणी सुरू आहे. बायामाणसे दिवसभर खालच्या बांध्यांत वाकलेली असतात, घरी म्हातारे आणि लेकरे.

शकुनबाईंचा हा क्रमांक ‘कचरा’त आहे. ‘भंडारा_अंतिम’मध्ये रेवाटोलीसमोर त्यांचे यजमान मारोतराव यांचा क्रमांक आहे. मारोतराव सन २०१३ मध्ये वारले. त्यांचा क्रमांक कंपनीने पुढे दुसऱ्या कोणाला दिला. गेल्या महिन्यात नव्या आवृत्तीची पहिली चाचणी झाली तेव्हा त्या क्रमांकावरून अर्जदारास फोन आला. लातूरकडे पंक्चर काढण्याचे दुकान चालविणारा माणूस होता. त्याने नम्रपणे सांगितले की त्याच्या गावाला नदीच नाही, टँकर येतो.

रेवाटोलीच्या काठाने अशाच आणखी सहा टोल्या आहेत. साऱ्यांची गत हीच, कुठे माणूस गेला, कुठे सिम गेले.

९. आपण म्हणाल, अर्जदाराने त्यांना नुसता फोन करावा. केला होता. परंतु तीन वर्षांपूर्वी कोणी टवाळाने पूर येतो म्हणून फोन केला, सातही टोल्या रोवणी टाकून पळाल्या आणि मागे चोरांनी घरे लुटली. तेव्हापासून सात टोल्यांच्या पंचांनी मिळून ठरविले की केंद्राच्या नावाचा मेसेज आला तरच, किंवा केंद्राचा माणूस ओळखपत्र घेऊन समोर उभा राहिला तरच निघायचे. फोनवरच्या आवाजावर कोणी उठायचे नाही. अर्जदाराने रविवारी शकुनबाईंना सर्व समजावून सांगितले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो. “भाऊ, तुमाले खोटं म्हणून नाही राहिली मी. पण मेसेज आल्याबिगर ताट वाजवाचं नाही, असं साऱ्याईनं ठरवलं हाय. तुमी मेसेज कायले बंद करून राहिले? तोच त पाठवा ना.”



१०. चाचणीचा निकाल शंभर टक्के आला म्हणून आपण समाधान व्यक्त केलेत व मागील आवृत्तीत तो त्र्याण्णव टक्केच का होता, अशी विचारणा केलीत. ‘कचरा’ खरे सांगत होता, म्हणून त्र्याण्णव होता. कोणाचा फोन बंद, कोणाची बॅटरी गेलेली, ते तो दाखवीत असे आणि अर्जदार अशांच्या शेजाऱ्याला फोन करीत असे. सातव्या आवृत्तीत मेसेज पाठविला की पोहोचला असे धरतात. मेलेल्या माणसाला पाठविला तरी पोहोचतो. अर्जदारास या शंभर टक्क्यांची जेवढी भीती वाटते तेवढी नदीची कधी वाटली नाही.

११. सबब विनंती एवढीच की शुक्रवार सायंकाळपूर्वी आपण एक सही करावी आणि ‘कचरा’चे नाव ‘भंडारा_२०१७’ करून सातवी आवृत्ती त्यास जोडावी. चांगल्या नावाचे जे काय व्हायचे ते होवो. अर्जदार आता आड येणार नाही.

ते जमत नसेल तर दुसरी विनंती. केंद्राच्या रिवाजाप्रमाणे केंद्रातील कचरा मनकर्णाबाईंच्या ताब्यात जातो. आपण या साठ्यास लेखी कचरा ठरविले आहे. तेव्हा तो पुसण्याऐवजी त्यांच्या ताब्यात द्यावा. त्या तयार आहेत. त्या म्हणाल्या, “एकडाव उचलला होता मी त्याले. आणखी उचलतो.” त्या तो सूपभर कोंड्यावरही केंद्राला परत देतील.

दोन्हीपैकी काहीही करावे, पण शुक्रवारच्या आत करावे.

आपला आणि नदीकाठचा नम्र,

(सही)
कचरू सुखराम गभणे

सोबत :
१) तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२) ‘कचरा’ आणि ‘भंडारा_अंतिम’ यांतील सात टोल्यांच्या नोंदी, हाताने उतरवून, शेजारी शेजारी.
३) मारोतरावांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. शकुनबाईंनी ती रडत दिली, कृपया गहाळ करू नये.

ताजा कलम, दि. २१ जुलै, शुक्रवार, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे.

हा अर्ज आज दुपारी आवक टेबलावरून अर्जदारास परत मिळाला. शेरा आहे : ‘संदर्भात आवृत्ती क्रमांक नमूद नाही.’ आपण नव्या आवृत्तीच्या प्रशिक्षणास नागपूरला असून सोमवारी येणार असे कळले. आपला फोन बंद आहे. प्रशिक्षणात बंद ठेवायला सांगतात, म्हणे. म्हणून कागदाच्या मागच्या बाजूस लिहितो व अर्ज आपल्या टेबलावर ठेवतो.

दुपारी तीन वाजता वरून कळविण्यात आले की पाणी वाढत असल्याने उद्या शनिवारी दुपारी बाराला धरणाचे दरवाजे उघडतील. चार वाजता सातव्या आवृत्तीने मेसेज पाठविला. पडद्यावर आले : ‘५८७० पैकी ५८७० पोहोचले.’ आकडे हिरव्या रंगात होते. अर्जदाराने लगेच शकुनबाईंना फोन लावला. त्या ओट्यावरच बसल्या होत्या, फोन हातात होता. मेसेज आला नव्हता. बाकी सहा टोल्यांतही आला नव्हता.

साडेचारला केंद्राचा फोन वाजला. लातूरकडचा तो पंक्चरवाला होता. म्हणाला, “साहेब, तुमच्याकडं उद्या पाणी सोडायलेत म्हणं. मला मेसेज आलाय. त्या टोलीतल्या लोकांना कुणी सांगितलं का हो?” इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो एकटा माणूस.

पाच वाजता पडद्यावर दुसरी ओळ आली : ‘४ अनावश्यक साठे यशस्वीरीत्या हटविले.’ श्री. अश्विन खुर्चीवरून उठून बाहेर गेले. मनकर्णाबाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांना काय झाले ते सांगावे लागले नाही.

अर्जदार आता निघत आहे. ओळखपत्र गळ्यात आहे, मनकर्णाबाईंनी घरून ताट आणून दिले आहे. नाला आजच गुडघाभर आहे असे शकुनबाई म्हणाल्या, म्हणजे उद्या एका टोलीतून दुसऱ्या टोलीत जाता येणार नाही. पोहोचेपर्यंत रात्र होईल, म्हणून अर्जदार एकाच ठिकाणी पोहोचू शकतो. कोणत्या, हे ठरविताना त्याने फार विचार केला नाही, जिथले लेकरू न् लेकरू त्याला नावाने ओळखते तिथे जात आहे.

सबब अर्जदाराची उद्याची हजेरी रेवाटोली येथे लावावी. उरलेल्या सहा टोल्यांची नावे सोबतच्या कागदावर आहेत. तिथे उद्या सकाळी केंद्रातर्फे कोण उभे राहणार, तेवढे कोणीतरी, सोमवारची वाट न पाहता, ठरवावे.

क. सु. गभणे